पाकोळीच्या घरट्यांची पेटी

८ मार्च २००९, रविवार

पोरगी झोपलीय तोवर लिहून टाकते, नाहीतर कुणावर तरी ओरडेन.

आज पोरीचा महिना भरला. घर पाहुण्यांनी भरलेलं. लाल रंगवलेली अंडी, हळदीचा चिकट भात, कोंबडीची करी. कासवाच्या आकाराच्या लाल वड्या आईनं स्वतः वाफवून आणलेल्या — जेलुतोंगच्या बाजारात तिच्या वड्यांना रांग लागते, पण इथे सासूबाईंच्या बहिणींनी एकेक उचलून बशीत तशीच ठेवली. ते चालवून घेतलं मी. आजीनं नातीला द्यायचं ते सगळं आईनं आणलं होतं. कपडे, पायातले वाळे, आणि माझ्यासाठी लाल रेशमी पेटी. पाकोळीची घरटी, बाळंतिणीला ताकदीसाठी वाफवून भरवतात ती, सोन्याच्या भावाची!

झालं. मोठ्या मावशींना — सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला — राहवेना. म्हणाल्या, अगं, पेनांगमधली सगळ्यात तिखट नजर याच टेबलाशी बसलीय, उघडा की पेटी. आई म्हणाली, राहू दे, मला कुठे त्यातलं कळतं. पण पेटी तिनंच पुढे सरकवली, भोळेपणानं.

ती नजर सासूबाईंची, घरट्यांचं दुकानच आहे त्यांचं. त्यांनी एक घरटं उचललं. उजेडाकडे धरलं. नखानं कड दाबली. नाकाशी नेलं. जिभेच्या टोकानं ओलं केलेलं बोट त्यावरून फिरवलं आणि दोन बोटं चिकटतात का पाहिलं. मग उलटं केलं, मागची बाजू पाहिली. थोडा वेळ पाहतच राहिल्या. मग घरटं पेटीत ठेवलं, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "लेप दिलेलं आहे. डिंकानं फुगवलंय. विहीणबाई, तुम्हाला कुणीतरी फसवलं."

कुणीतरी हसलं. मोठ्या मावशी म्हणाल्या, स्वस्त मिळालं म्हणून घेतलं असेल बिचारीनं.

बिचारीनं!

आई हसत राहिली. म्हणाली, मला कळत नाही हो. तिचे कान लाल झाले होते. केंग हुई — माझा नवरा, तिचा जावई — आणखी भात आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. तो भात काही आला नाही.

९ मार्च

सासूबाईंशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

१० मार्च, मंगळवार

केंग हुईला विचारलं, पाहुण्यांसमोर बोलायची काय गरज होती त्यांना? म्हणाला, मा — सासूबाईंना तो मा म्हणतो — खोटं बोलत नाही घरट्यांच्या बाबतीत, तुला माहीतच आहे.

माहीत आहे! तीच तर पंचाईत आहे. लग्नाआधी सासूबाईंच्याच दुकानाच्या माडीवर चिमटा घेऊन घरट्यातली पिसं वेचायला बसायचे मी. पारख मला सासूबाईंनीच शिकवली. चांगलं घरटं हस्तिदंती असतं, कागदासारखं पांढरंफेक नसतं. धाग्यांच्या मधून उजेड आरपार यायला हवा. वास हवा, अगदी पुसट — अंड्याच्या पांढऱ्याचा, थोडा ओलसर समुद्राचा. वास नाही म्हणजे रसायनात धुऊन मारलंय. चकाकतंय म्हणजे लेप आहे. परवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मलाही ती चकाकी दिसलीच होती. सासूबाई चुकल्या नाहीत.

पण बरोबर असणं म्हणजे काय परवाना आहे? आत बोलावून सांगता आलं असतं. पेटी नुसती बाजूला ठेवता आली असती. माझी आई पहाटे उठून तांदूळ वाटते, वाफेत उभी राहते. तिनं मला खाऊ आणला होता. बाजारात माल विकायला नव्हती आली ती.

केंग हुई म्हणाला, विसर आता. पेटी मी टाकून दिली.

टाकून दिली? माझ्या आईनं दिलेली वस्तू, मला न विचारता?

१३ मार्च, शुक्रवार

आईकडे जाऊन आले. पोरीला घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडले. कुठल्या दुकानातून घेतली ती पेटी, एवढंच विचारलं. त्या दुकानदाराच्या दारात जाऊन भांडायचं होतं मला. आई आधी म्हणाली, गावात. गावात कुठे? मग म्हणाली, आठवत नाही. बाजारातल्या प्रत्येक उधारीवाल्याचं नाव जिला पाठ, तिला आठवत नाही!

"कुणाला वाचवतेस तू?" मी म्हटलं.

"कुणाला नाही. तू आधी पोटभर जेव," म्हणाली.

तिच्यावरही चिडून आले. फसवणाऱ्यालाच पाठीशी घालायचं, असला कसला स्वभाव!

१५ मार्च, रविवार

पेटी टाकलेली नाही. जिन्याखाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे सापडली. झाडू शोधत होते.

सगळे दुकानात होते. एक घरटं काढून पाण्यात टाकलं. खरं घरटं हळूहळू पाणी पितं, फुगतं, धागे सुटे होतात पण तुटत नाहीत, ओढलं की रबरासारखे ताणतात. पाणी नितळ राहतं. हे लवकरच बुळबुळीत झालं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. बोटानं धागा ओढला तर धागा कुठला — लगदाच.

मग दुसरं उलटं करून पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं होतं तसंच.

साफ केलेली घरटी पुन्हा आकारात आणायला जाळीच्या साच्यात वाळवतात, सगळेच करतात, त्यात काही वावगं नाही. पण आमचे साचे सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं तारा विणून केले होते. बाजारच्या साच्यांची जाळी चौकोनी असते. आमची तिरकी. आणि एका कोपऱ्यात दोन तारांचा पीळ. चिमटा घेऊन वर्षानुवर्षं मी त्या साच्यांतून घरटी सोडवलीत, तो पीळ मला डोळे मिटून कळतो.

तो पीळ या घरट्यावर उमटलाय.

आमचंच आहे हे. आमच्या दुकानातलं.

१६ मार्च

दिवसभर एकच विचार. आमच्या माडीवर डिंक कोण लावतंय?

१९ मार्च, गुरुवार

पोरीला पाठीशी बांधून दुकानात गेले. कामावरच्या बायकांनी तिला उचललं, गालगुच्चे घेतले, आणि मी माडीवर एक चक्कर मारली. आमच्या टेबलांवर सगळं पूर्वीसारखं. पण मागच्या खोलीला कुलूप. ती खोली कधीच बंद नसायची. एक बाई म्हणाली, आता तिकडचं काम धाकटे मालक स्वतःच बघतात.

धाकटे मालक म्हणजे केंग हुई.

खाली आले तर क्वाह मास्तर उभे. आमचे जुने गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झाले, आता बायकोचं आजारपण काढतायत. ऑपरेशननंतर तिच्या पोटात काही ठरत नाही, फक्त खडीसाखर घालून वाफवलेलं घरटं दोन चमचे जातं. केंग हुईनं वरच्या, अस्सल मालाच्या कपाटाकडे पाहिलंही नाही. खालच्या कपाटातून डबा काढला, बांधून दिला. आणि वर हसून विचारलं, मास्तरीणबाई कशा आहेत?

दारापर्यंत सोडायला मी गेले. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुला एक विचारू? हल्ली ते शिजवलं की खळ होते बघ त्याची. पूर्वी कसे धागे धागे राहायचे. माझंच आचेचं काहीतरी चुकतंय. तिला सांगत नाही मी."

पोरीला घेऊन मी घरी निघाले. रस्ताभर कानशिलं तापली होती. आजारी बायकोच्या तोंडी लगदा घालतोय म्हातारा, आणि दोष कुणाला देतो तर स्वतःला! आईही तेच म्हणाली होती — मला कळत नाही. फसवणारा मजेत, आणि फसलेले एकेक जण आपलंच काही चुकलं म्हणून मान खाली घालून बसलेत.

२० मार्च, शुक्रवार

आईला साच्याच्या पिळाचं सांगितलं. मग बोलली.

केंग हुईनंच आणून दिली होती पेटी. मी बाळंतपणाच्या खोलीत असताना. म्हणाला होता, आई, बाहेरून कशाला घेता, घरचाच माल घ्या, तुम्हाला भाव कमी लावतो. आणि पैसे घेतले. स्वतःच्या सासूकडून! तिनं वड्यांचे साठवलेले दिले.

"मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगायचंस — जावयानं दिलीय म्हणून!"

"तो होता ना तिथेच," आई म्हणाली. "त्याला तोंड आहे."

२१ मार्च, शनिवार

केंग हुईला समोर बसवलं. नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला समजावलं!

म्हणे, लेप म्हणजे काही विष नाही. समुद्री शेवाळाचा डिंक, लोक गोडात घालून खातातच. हल्लीच्या गिऱ्हाइकाला गुबगुबीत, चकचकीत घरटं लागतं, माचं ते काटकुळं हस्तिदंती दाखवलं की नाक मुरडतात. बसमधून येणाऱ्या पर्यटकांना फरक कळत नाही. सगळे करतात.

क्वाह मास्तर बसमधून येतात का, विचारलं.

माझी आई बसमधून आली होती का?

"त्यांना मी कमी भावातच दिलं," म्हणाला.

म्हणजे उपकारच केले! डिंक विकला तो विकला, वर सूट दिली. आणि ज्या वेळी उठून एक वाक्य बोलायचं, त्या वेळी भात आणायला गेला. इतक्या वर्षांत मी या माणसाची पारख कशी केली? उजेडाकडे धरून पाहिलंच नाही बहुतेक.

२२ मार्च, रविवार

सासूबाईंना सांगायचं ठरवलं. रात्रभर मनात वाक्यं जुळवली. वाटलं, ऐकून कोसळतील. तीस-चाळीस वर्षं या बाईनं एकही खोटं घरटं दुकानाचा उंबरा ओलांडू दिलं नाही, असं सगळं गाव म्हणतं.

देवघराशी उदबत्ती लावत होत्या. मी घरटं त्यांच्यासमोर उलटं ठेवलं. त्यांनी हातही लावला नाही.

"ठाऊक आहे," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्या दिवशी. उलटून पाहिलं तेव्हा."

मला नीट समजायला वेळ लागला. म्हणजे पीळ पाहिला. आपलाच साचा, आपलाच माल, हे कळलं. आणि कळल्यावर माझ्या आईला म्हणाल्या — तुम्हाला कुणीतरी फसवलं! पाहुण्यांना हसू दिलं!

मी हे सगळं त्यांना तसंच म्हणून दाखवलं. आवाज चढला होता माझा. या घरात पहिल्यांदाच.

सासूबाई म्हणाल्या, लेप आहे हे बोलायच्या आधीच चेहऱ्यावर आलं होतं, मोठ्या बहिणीनं ओळखलंही होतं. तोंडातून काहीतरी काढावंच लागलं. "मुलगा आहे तो माझा," म्हणाल्या.

"आणि ती माझी आई आहे."

उदबत्तीची राख कपड्यावर पडली तरी त्यांनी झटकली नाही. म्हणाल्या, घरातलं घरात ठेव. मी त्याला समज देते.

समज! क्वाह मास्तरांच्या घरी कोण समज देणार? पोराला वाचवायला दुसऱ्याची आई पुढे केली, आणि आता मी तोंड मिटून त्याच टेबलाशी जेवायचं?

२४ मार्च

पोरीला घेऊन आईकडे आले. निरोप घेतला नाही.

२५ मार्च, बुधवार

जाताना वाटेत क्वाह मास्तरांना गाठलं होतं, ते काल लिहायचं राहिलं. त्यांना सांगितलं की त्यांची आच बरोबर आहे, खालच्या कपाटातलं घेऊ नका. का, ते सांगू शकले नाही. नवऱ्याचं नाव जिभेवर येईना. मास्तरांनी विचारलंही नाही. मला याचीही चीड आलीय — स्वतःची.

२९ मार्च, रविवार

केंग हुई आला होता. पोरीसाठी झबली, आईसाठी संत्री. मला म्हणतो, इतकं ताणायचं नसतं. मी उठून आत गेले. दारामागून ऐकत होते.

आईनं त्याला चहा दिला, वडी दिली. म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?" तो म्हणाला, नाही आई, हिलाच समजवा जरा. आईनं पुन्हा विचारलं, "काहीच नाही?"

नाही म्हणाला. चहा पिऊन गेला.

आईवर इतकी चिडले! वडी कशाला वाढलीस त्याला? संत्री तरी परत द्यायचीस! ती संत्री निवडत बसली. एक नासकं निघालं, ते बाजूला काढलं.

२ एप्रिल

पोरीला सर्दी. बाकी सगळं डोक्यातून गेलं. आज बरी आहे.

४ एप्रिल, शनिवार

पूर्वजांच्या कबरींवर जायचा दिवस. बाबांची कबर आईनं आणि मी झाडली, गवत काढलं. तिकडे सासरची सगळी मंडळी सासऱ्यांच्या कबरीवर जमली असतील. मोठ्या मावशी ताइपिंगहून येतात दरवर्षी.

संध्याकाळी कामावरच्या बाईबरोबर सासूबाईंचा निरोप आला. उद्या सकाळी दुकानात ये, विहीणबाईंनाही आण. आई म्हणाली, तू जा, मला बाजार आहे.

५ एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

दुकान बंद ठेवलं होतं, पण पुढच्या फळ्या सगळ्या उघड्या. रस्त्यावरून दिसेल असं टेबल लावलेलं. तेच पाहुणे — मोठ्या मावशी, बाकीच्या बहिणी, कामावरच्या बायका. आणि एका खुर्चीवर क्वाह मास्तर, मांडीवर टोपी धरून. त्यांना सासूबाईंनी स्वतः जाऊन आणलं होतं.

टेबलावर दोन पांढरी तसराळी. एकात वरच्या कपाटातली घरटी भिजवलेली — फुललेली, मोगऱ्याच्या पाकळ्यांसारखी, पाणी इतकं स्वच्छ की तसराळ्याच्या तळाचं निळं फूल दिसत होतं. दुसऱ्यात खालच्या कपाटातली. खळ. नुसती खळ.

सासूबाई उभ्या होत्या. काळा झगा, केस घट्ट बांधलेले, जसं मयताला जातात तसं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"माझ्या नातीच्या महिन्याला विहीणबाईंनी पेटी आणली होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, त्यांना कुणीतरी फसवलं. ती पेटी या कपाटातली. लेप माझ्या मुलानं दिला. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी सगळ्यांना त्यांच्यावर हसू दिलं. फसवलं ते मी."

मोठ्या मावशी म्हणाल्या, अगं पण रस्त्यावरची माणसं बघतायत. सासूबाई म्हणाल्या, बघू देत.

मग केंग हुईला म्हणाल्या, ओत. त्यानं ते तसराळं उचललं. मला वाटलं टाकून देईल आणि निघून जाईल. नाही गेला. पायऱ्या उतरून गटारापर्यंत नेलं आणि ओतलं. परत येऊन मागच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. बोलला मात्र काही नाही. आजही नाही!

क्वाह मास्तर इतका वेळ दुसऱ्या तसराळ्याकडे पाहत होते, खऱ्या घरट्यांकडे. बोट घालून एक धागा वर ओढला त्यांनी. ताणला. तुटला नाही.

"म्हणजे माझं शिजवायचं चुकत नव्हतं," म्हणाले.



सासूबाई मला म्हणाल्या, घरी केव्हा यायचं ते तू ठरव, तोपर्यंत माडीवरच्या टेबलांकडे तरी बघ, मला आता सगळीकडे बघणं होत नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. राग गेलेला नाही माझा. त्यांनी माझ्या आईशी जे केलं ते एका सकाळीत फिटत नाही. पण त्या उभ्या राहिल्या. तो राहिला नाही.

आईला येऊन सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, मास्तर काय म्हणाले? सांगितलं. मग उद्याचे तांदूळ भिजत घालायला उठली.

६ एप्रिल, सोमवार

आई आज वड्या थापताना सहज म्हणाली, तिला सगळं आधीच माहीत होतं. बाळंतपणात त्या पेटीतलं एक घरटं तिनं माझ्यासाठी शिजवलं होतं. त्याची खळ झाली. ती तिनं टाकली, दुसरीकडून चांगलं आणून मला भरवलं, आणि ती पेटी महिन्याच्या जेवणाला मुद्दाम सासूबाईंपुढे नेली. भोळेपणानं नाही.

"सगळ्यांसमोर?" मी म्हटलं. "तुला हसल्या त्या!"

"एकटीला दाखवली असती तर तिनं कपाटात ठेवून दिली असती. मीही गप्प बसले असते, आणि तू त्याच्याबरोबर जन्मभर." साच्यातली वडी तिनं हातावर काढली. "पेटीत एक कमी होतं. एवढ्या पारखी बायका बसल्या होत्या, एकीनंही मोजलं नाही."